बाळ कुणाचे, अर्भक कुणाचे

नुकत्याच जन्मलेल्या जिवासाठी मराठीत कोणते शब्द आहेत, याचे शालेय उत्तर ठरलेले आहे. बाळ, तान्हे, मूल, अर्भक, शिशू, बालक अशी समानार्थी शब्दांची ओळ विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत यातला कोणताही शब्द लिहिला तरी त्याला गुण मिळतो. व्यवहारात मात्र मराठी माणूस या शब्दांची अदलाबदल करत नाही. 'ताईला अर्भक झालं' असे कुणी कळवत नाही. 'तान्हुले बेवारस अवस्थेत आढळले' असा पंचनामा कोणत्याही पोलीस ठाण्यात लिहिला जात नाही. शाळेच्या शिशुवर्गात चार वर्षांची मुले बसतात आणि जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात चार दिवसांची ठेवलेली असतात. कोणता शब्द निवडायचा हे बाळाच्या वयावरून फारसे ठरत नाही. त्या घडीला ते कुणाच्या हवाली आहे, घराच्या, दवाखान्याच्या, पोलिसांच्या की कायद्याच्या, यावरून ते ठरते, असे मला या सगळ्या वापराकडे पाहिल्यावर वाटते. हा केवळ भाषेच्या अभ्यासकांचा विषय असता तर एवढ्यावरच थांबता आले असते. पण बाळ जगवण्याच्या कामात या शब्दांच्या सरमिसळीने नुकसान होते, आणि घरातल्या बोलीकडे जी अचूकता आधीपासून आहे तिचा उपयोग सार्वजनिक मराठी करून घेत नाही.

घरापासून सुरुवात करू. घरातली मराठी बाळाचे वय वर्षांत मोजत नाही आणि सुरुवातीला महिन्यांतही मोजत नाही. 'पाच दिवसांचं बाळ आहे', 'सव्वा महिना व्हायचाय अजून' असा हिशेब असतो. पुढे दिवस मागे पडतात आणि अवस्था येतात: बाळाने मान धरली, बाळसे धरले, ते पालथे पडू लागले, बसते झाले, रांगू लागले. रांगते मूल, बोबडे बोलणारे मूल ही वर्णने वाटतात, पण त्यांचे काम वयाच्या पट्टीचे आहे. 'तान्हे' हा शब्दही असाच अवस्थेचा. अंगावर पिणारे ते तान्हे. आईने दूध तोडले की तान्हेपण संपले, मग ते दहा महिन्यांचे असो की दोन वर्षांचे. म्हणून तान्हे म्हणजे नवजात असे समीकरण मांडले की गोंधळ होतो. प्रत्येक नवजात तान्हे असते, पण अंगणात धावून पुन्हा आईच्या पदराखाली शिरणारे मूलही तान्हेच. हा शब्द माणसापुरताही राहत नाही. गोठ्यातले दूध पिणारे वासरू तान्हेच असते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात लहान मुले लाकडी बैल घेऊन निघतात तो तान्हा पोळा. इथे तान्हेपण खेळत्या मुलांपर्यंत सैलावलेले दिसते. 'लेकरू' आणि 'पोर' तर वयाशी बांधलेले नाहीतच. मराठवाड्यातली आई कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही लेकरूच म्हणते.

प्रदेश बदलला की चित्र बदलते, पण अपेक्षेपेक्षा कमी. मालवणीत झील आणि चेडू, अहिराणीत आंडोर आणि आंडेर हे शब्द नाते आणि लिंग सांगतात. वय सांगण्यासाठी तिथेही दिवसांचाच आधार घ्यावा लागतो. वऱ्हाडातले पोट्टे बहुधा चालते-फिरते असते, पाळण्यातले नसते. 'बाळ' हा शब्द मात्र जवळपास सगळीकडे समजतो, कारण तो एकटा फिरत नाही. बाळंतीण, बाळंतपण, बाळंतकाढा, बाळगुटी, बाळलेणे, बाळसे, बाळकडू असे त्याचे गोत मोठे आहे. या गोतावळ्याकडे नीट पाहिले की एक रेघ दिसते. घरातल्या शब्दांत 'ळ' आहे आणि कचेरीतल्या शब्दांत 'ल'. बालमृत्यू, बालहत्या, बालविवाह, बालकामगार, बालकल्याण समिती, बालन्याय मंडळ. मूळ एकच असूनही ज्यात काही सोसायचे किंवा निवाडा करायचा आहे ते बहुतेक शब्द 'बाल'चे झाले, आणि पाजायचे, माखायचे, नटवायचे ते 'बाळ'कडे राहिले. हा कुणी आखलेला नियम नाही. संस्कृत रूप लेखी व्यवहारात आणि प्राकृतातून आलेले रूप बोलण्यात, अशी ही नेहमीची वाटणी आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला की बाळाला काही वाईट झाले की ते आपोआप 'बाल' होते.

घरगुती शब्दांचे आणखी एक वैशिष्ट्य सहसा नजरेतून सुटते. ते बाळाला आईपासून तोडून पाहतच नाहीत. बाळ जिच्यापाशी आहे ती बाळंतीण. म्हणजे बाईची ती अवस्था बाळाच्या नावाने ओळखली जाते. उलट बाजूने तान्हे ओळखले जाते ते आईच्या दुधावरून. पहिल्या दिवसांतल्या आईला 'ओली बाळंतीण' म्हणतात आणि तिच्याबद्दलचे सगळे नियम, वारा लागू नये, गार पाणी नको, दाराशी येऊ नये, हे एकाच दमात दोघांना लागू होतात. या नियमांतले काही निरर्थक होते आणि काही घातकही. पण आई आणि बाळ मिळून काळजीचा एकच विषय आहे ही त्यामागची समजूत खरी होती, आणि आधुनिक वैद्यक आज आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवून त्याला ऊब देण्याचा जो आग्रह धरते तो याच समजुतीच्या जवळचा आहे. भाषेने जपलेली ही जोडी सरकारी शब्दांत तुटलेली दिसते. सरकारी रुग्णालयात पहिलटकरणीला बाळासाठी कपडे, थर्मामीटर, मच्छरदाणी वगैरे वस्तूंचा संच देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केली. योजना चांगली आहे. तिचे नाव मात्र 'बेबी केअर किट'. अंगडे, टोपडे, कुंची, दुपटे आणि आईसाठी लुगडे-चोळी घेऊन माहेरची किंवा जवळची माणसे येतात त्या भेटीला मराठीत 'बाळंतविडा' हा शब्द होता आणि आहे. त्यात आई आणि बाळ दोघांचा वाटा आधीच धरलेला आहे. शासनाला घरचा शब्द चालत नाही असे म्हणावे तर २०२३ ची 'लेक लाडकी' योजना समोर आहे. मुलगी जन्मली की कुटुंबाला मदत सुरू करणाऱ्या या योजनेच्या नावात आधीच्या योजनेतली 'कन्या' गेली आणि 'लेक' आली. म्हणजे मनात आणले की जमते.

लिंगाचा प्रश्न इथेच घ्यायला हवा. मराठीने नपुंसकलिंग टिकवले. हिंदीने ते गमावले. त्यामुळे हिंदीत 'बच्चा हुआ' म्हणताच व्याकरण पुल्लिंगी होते, तर मराठीत 'बाळ झालं', 'मूल झालं', 'लेकरू झालं' असे म्हणताना मुलगा की मुलगी हे सांगावे लागत नाही. गोव्यातल्या कोकणीतले 'भुरगें'ही नपुंसकलिंगीच. ही मोठी सोय आहे, आणि कुणी तिला मराठीचा समभाव म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. कारण 'बाळ झालं' या वाक्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'काय झालं?', आणि या 'काय'चा अर्थ फक्त एकच असतो. पेढा आणि बर्फी ही त्याची खाद्यभाषा. नाव म्हणून वापरताना तर 'बाळ' सरळ पुरुषांकडे गेले: बाळशास्त्री, बाळाजी, बाळकृष्ण, बाळासाहेब. केशव हे पाळण्यातले नाव असलेले टिळक जगाला बाळ गंगाधर म्हणूनच माहीत झाले. मुलींच्या वाट्याला विसाव्या शतकात 'बेबी' आले आणि तेही म्हातारपणापर्यंत चिकटून राहिले. 'जिणं आमुचं' लिहिणाऱ्या बेबीताई कांबळे हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. या टोकाला आणखी एक शब्द आहे, नकुशी. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अडीचशेहून अधिक मुलींची नकुशी, नकोशी अशी नावे जाहीर समारंभात बदलण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा करण्यात महाराष्ट्र १९८८ मध्ये देशात पहिला होता, केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि तरीही हे आकडे. व्याकरणातले नपुंसकलिंग एकट्याने काही वाचवत नाही, हे मान्य करूनच मी घरगुती शब्दांची बाजू मांडतो आहे.

दगडू, धोंडू, केरबा, भिकू या नावांकडे नकुशीच्या रांगेत बसवून पाहू नये. ही नावे आधीची मुले गेलेल्या घरात पुढच्या बाळाला दिली जात. दगडासारखे टिको, केरासारखे कुणाच्या नजरेत न भरो, भीक मागून आणलेले आहे म्हणून त्यावर कुणी हक्क न सांगो, अशी त्यामागची धारणा. नकुशीत बाळ नको आहे. धोंडूत ते इतके हवे आहे की तसे उघड बोलण्याचीही भीती वाटते. बारशापर्यंत नाव न ठेवण्याची, बाळाचे कौतुक तोंडावर न करण्याची, तीट लावण्याची रीत याच भीतीतली आहे. पहिल्या काही दिवसांत बाळ राहील की नाही याची खात्री नसे. पाचवीला जागरण, सहाव्या रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते हा समज, बाराव्या दिवशी नाव आणि पाळणा, सव्वा महिन्यानंतर बाहेर पडणे: हे वेळापत्रक नीट वाचले तर ते धोक्याच्या दिवसांचे वेळापत्रक आहे. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापली की होणारा धनुर्वात पहिल्या आठवड्याच्या आसपासच बाळाला गाठत असे. लसीकरण आणि दवाखान्यातली बाळंतपणे वाढल्यावर भारत माता व नवजातांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्याआधीच्या शेकडो वर्षांत सहाव्या रात्रीचे भय पोकळ नव्हते. नवजातांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू आजही पहिल्या आठवड्यातच होतात. रूढीचा उपाय चुकीचा होता, पण दिवस तिने बरोबर ओळखले होते.

आता घराबाहेर पडून अर्भकाकडे येऊ. संस्कृतात अर्भक म्हणजे लहान, छोटे, आणि म्हणून लहान मूल. शब्दात वाईट काही नाही. जुन्या मराठी ग्रंथांत तो मायेनेही आलेला आहे. पण आजच्या वर्तमानपत्री मराठीत अर्भक बहुधा मेलेले असते किंवा टाकून दिलेले असते. 'स्त्री जातीचे अर्भक', 'पुरुष जातीचे मृत अर्भक' ही पंचनाम्याची भाषा जशीच्या तशी बातमीत उतरते. अशा बातम्या ओळीने वाचल्या तर त्यातला एक बदल दिसतो. मथळ्यात अर्भक असते, पहिल्या परिच्छेदात झुडपात किंवा बसस्थानकात अर्भक सापडते, कुणी तरी रडण्याचा आवाज ऐकते, पोलीस ते अर्भक रुग्णालयात हलवतात, आणि शेवटच्या ओळीत डॉक्टर सांगतात की बाळाची प्रकृती स्थिर आहे. चार परिच्छेदांत वय चार तासांनीही वाढलेले नसते. बदललेले असते ते एवढेच की आता त्याला कुणी तरी हातात घेतले आहे. याउलट भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे आग लागून १० बाळे दगावली तेव्हा बाळे, बालके, चिमुकले असे शब्द सर्वत्र होते. ती बाळेही मृतच होती. पण त्यांच्या आया कक्षाबाहेर होत्या आणि त्यांना नाकारता येत नव्हते.

यावर असे म्हणता येईल की पोलिसांना आणि न्यायालयाला भावनेपासून दूर असलेला शब्द लागतो, आणि अर्भक तो पुरवते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. टाकलेल्या मुलाच्या गुन्ह्यात आणि मृत मुलाचे प्रेत लपवून जन्म दडवण्याच्या गुन्ह्यात कायदा फरक करतो. जुन्या दंड संहितेत ही कलमे ३१७ आणि ३१८ होती, आता न्याय संहितेत ९३ आणि ९४ आहेत. जन्माआधीचा गर्भ, मृतजन्म आणि जिवंत जन्मून नंतर मेलेले मूल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांवर खटल्याचे भवितव्य ठरते. मग शब्द अचूकच हवा. पण अर्भक अचूक आहे का? सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये पुरलेले १९ स्त्रीभ्रूण सापडले, तेव्हा भ्रूण आणि अर्भक हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास आले. आरोग्य खात्याच्या आकडेवारीत अर्भक म्हणजे एक वर्षाच्या आतले मूल. पंचनाम्यात काही तासांचे. बातमीत कधी सहा महिन्यांचा गर्भही. इतक्या सैल शब्दाला तांत्रिक म्हणणे केवळ तो संस्कृत आहे म्हणून होते. अचूकता शब्दाच्या कुळातून येत नाही. 'एक दिवसाचे जिवंत बाळ', 'पूर्ण दिवसांचे मृत जन्मलेले बाळ' असे लिहिण्यातून येते, आणि त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची हरकत असण्याचे कारण दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकातले एक उदाहरण इथे मला महत्त्वाचे वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात जे घर उघडले त्याचे नाव बालहत्या प्रतिबंधक गृह. पुढे १८७५ मध्ये पंढरपुरातही तसे गृह उभे राहिले. विधवेच्या पोटी आलेले मूल तिच्या सासर-माहेरच्या लेखी नुसता कलंक होता. त्याला नाव, नाते, बारसे काहीच मिळणार नव्हते. त्या मुलाला 'बाल' म्हणणे आणि त्याच्या मरणाला 'हत्या' म्हणणे ही त्या काळी ठाम सामाजिक भूमिका होती. फुले दांपत्याने तिथेच जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेऊन त्या नावातला शब्द न् शब्द खरा केला. म्हणजे संस्कृत शब्द नेहमीच अंतर वाढवतो असे माझे म्हणणे नाही. वापरणारा कोणाची जबाबदारी पत्करतो आहे, हा मुद्दा आहे.

शिशू आणि बालक यांचे थोडक्यात. बालशिक्षणाच्या चळवळीनंतर मराठी शाळांत छोटा शिशू, मोठा शिशू असे वर्ग आले आणि शिशू साडेतीन-चार वर्षांचा झाला. दवाखान्यात मात्र जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातला शिशू पाळण्यातला आहे. बालकाची व्याप्ती तर जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत. बालन्याय कायद्यात सतरा वर्षांचा मुलगा आणि दोन दिवसांची मुलगी दोघेही बालकच. कायद्यापुरते हे योग्य आहे. आरोग्याच्या बातमीत तोच शब्द आला की वाचकाला काहीच बोध होत नाही.

आणि खरी अडचण इथेच आहे. आरोग्य विभाग तीन वेगळे दर मोजतो: पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू, पहिल्या वर्षातले मृत्यू आणि पाच वर्षांच्या आतले मृत्यू. मराठी वाचकापर्यंत तिन्ही बहुतेक वेळा 'बालमृत्यू' या एकाच नावाने पोहोचतात. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या वर्षात २८ बाळे दगावत होती, आणि त्यांतली २० पहिल्या २८ दिवसांतच. महाराष्ट्रात हे आकडे अनुक्रमे १६ आणि ११ होते; पाच वर्षांपर्यंतचा आकडा १८. म्हणजे पाच वर्षांत जे १८ जीव गेले त्यांतले ११ सव्वा महिनाही पाहू शकले नाहीत. पण मेळघाट, जव्हार, मोखाडा, नंदुरबार इथल्या 'बालमृत्यूं'ची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर येते ते हातापायांच्या काड्या झालेले दोन-तीन वर्षांचे मूल, आणि मागणी होते ती पोषण आहाराची. आहार हवाच, त्या मुलासाठी तर तातडीने हवा, आणि गरोदर आईला मिळाला तर कमी वजनाची बाळे कमी जन्मतील. पण चार दिवसांच्या बाळाच्या मुखात आहार जात नाही. त्याला ऊब लागते, आईचे दूध लागते, जंतुसंसर्ग वेळेवर ओळखणारे माणूस लागते. शब्द एकच राहिला म्हणून उपायही एकच सुचला, असे म्हणणे थोडे टोकाचे होईल. चर्चा मात्र त्या शब्दाने बरीच वर्षे भलतीकडे नेली, असे मी नक्की म्हणेन.

हा अडथळा ओलांडल्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. या कामात जंतुदोषाची लक्षणे म्हणून जी नोंदवली गेली ती रक्ततपासणीची नव्हती. बाळाचे रडणे मंद झाले किंवा थांबले, ते दूध ओढेनासे झाले, हातपाय ढिले पडले, पोट फुगले, अंग गार लागते असे आई म्हणते. मराठी आईच्या तोंडी यातले प्रत्येक लक्षण आधीपासून होते: 'मलूल झालंय', 'अंगावर ओढत नाही', 'गार पडलंय', 'रडण्यात जोर नाही'. शास्त्राने या बोलण्याला निदानाचा दर्जा दिला आणि जीव वाचले. त्यानंतर २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला आणि राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत उतरतच नाहीत हे त्याने समोर ठेवले. गडचिरोलीच्या पद्धतीवर आधारलेला कार्यक्रम २०११ पासून देशभर आशा सेविकांकडे आला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते; बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. हे पुन्हा दिवसांचेच वेळापत्रक आहे, आणि सव्वा महिन्याच्या आसपासच संपते. आजी जसे मोजते तसेच शास्त्रही मोजते आहे. मध्ये उभी आहे ती फक्त छापील मराठी.

यावर दोन हरकती उरतात. एक अशी की मेळघाटातली आई कोरकू बोलते, गडचिरोलीतली गोंडी किंवा माडिया, पालघरमधली वारली. तिला 'बाळ' तरी आपले का वाटावे? हरकत बरोबर आहे आणि ती माझ्या म्हणण्याला पुढे नेते. प्रमाण मराठीतले शिशू काढून प्रमाण मराठीतले बाळ घातल्याने तिचे भागणार नाही. बाळ मलूल झाले हे ती आपल्या भाषेत कसे सांगते, ते शब्द आशाच्या नोंदवहीत आणि डॉक्टरच्या कानावर असले पाहिजेत. जिथे मृत्यू सर्वाधिक आहेत तिथली भाषाच जर छापील पुस्तिकेबाहेर राहणार असेल तर ती पुस्तिका कुणासाठी, हे विचारायला हवे. दुसरी हरकत अशी की शब्दांनी बाळे जगत नाहीत. डॉक्टर, रस्ते, औषधे, पगार यांनी जगतात. खरे आहे. रुग्णवाहिका न आल्याने दगावलेले बाळ कोणत्याही शब्दाने परत येत नाही. पण रुग्णवाहिका कधी बोलवायची हे घरात ठरते, आणि ते ठरते तेव्हा घरात बोलण्याखेरीज दुसरे साधन नसते. आशा जर 'नवजात शिशूमध्ये सेप्सिसची लक्षणे' असे वाचून दाखवणार असेल आणि सासू 'जरा सुस्त आहे, होईल बरं' असे म्हणणार असेल, तर त्या दोन वाक्यांत बाळाचे काही तास जातात.

सर्वांत कठीण जागा अजून बाकी आहे. जन्मले, काही तास किंवा एक दिवस राहिले आणि गेले, अशा बाळासाठी मराठीत वेगळा शब्द नाही. 'मूल राहिलं नाही', 'लागलं नाही', 'पदरात पडलं नाही' असे म्हणतात, आणि पोटातच गेलेल्या मुलाबद्दलही जवळजवळ हेच म्हणतात. नोंदणीत ही दोन बाळे वेगळी असायला हवीत. पहिले जन्म म्हणूनही नोंदवायचे असते आणि मृत्यू म्हणूनही. दुसरे मृतजन्म म्हणून. बारसे झालेले नाही, नाव नाही, म्हणून कुटुंब कागदाच्या वाटेला जात नाही. कायद्याने जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि नाव मागाहून घालता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आईचे नाव लागते. रुग्णालयात तर बाळाच्या मनगटावर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव एवढीच ओळख आधीपासून असते. म्हणजे निनावी बाळाचीही नोंद आईच्या नावाने पूर्ण होऊ शकते. गावातली बाई विचारल्यावर 'मला चार झाली, तीन आहेत' असे सांगते. तिच्या हिशेबातून कुणी सुटलेले नसते. पाहणी करणाऱ्याने 'बालमृत्यू झाला आहे का' असे विचारले की ती नाही म्हणते, कारण तिच्या लेखी बालमृत्यू हा मोठ्या मुलाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत म्हणूनच एक जादा प्रश्न असतो: जन्मल्यावर रडले किंवा जिवंतपणाची काही खूण दाखवली, पण पुढे जगले नाही, असे बाळ झाले होते का? आरोग्य उपकेंद्राच्या नोंदवहीत आणि ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू रजिस्टरशेजारी हा प्रश्न साध्या मराठीत, आणि त्या त्या गावच्या बोलीत, लिहून ठेवता येईल: किती झाली, किती आहेत, आणि जे नाही ते जन्मल्यावर रडले होते का?